सरदारांच्या कानामागची डबी

साहेब, हे तुम्ही केलंत. वाहिनीच्या चौथ्या मजल्यावर बसून, प्रेक्षकांची तीन पत्रं वाचून, एका हुकुमात केलंत. खालच्या मजल्यावर ज्यांनी ते निस्तरलं त्यांच्यापैकी एकालाही तुमच्या तोंडावर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर मांडावं लागतंय. वाचकांनी वाचावं आणि काय ते ठरवावं.

मालिका अंतराळातली. पृथ्वीवरून निघालेलं एक यान आणि दूरच्या ग्रहावरचे निळे लोक. पहिल्याच भागात लेखिकाबाईंपुढे प्रश्न पडला, की निळे लोक आणि आपले लोक एकमेकांशी बोलणार कसे. भाग बावीस मिनिटांचा, त्यात एक लढाई आणि एक फितुरी. भाषा शिकायला वेळ कोणाकडे आहे? त्यांनी प्रत्येकाच्या कानामागे एक चंदेरी डबी चिकटवली आणि तिचं नाव ठेवलं दुभाषी. डबी लावली की सगळ्यांना सगळं कळतं. चार वर्षं ती डबी चालली आणि कोणाचं काही अडलं नाही.

मग हुकूम आला. "डबी लावून परग्रहाची भाषा कळते, हे पटत नाही. डबी काढा. निळ्यांना स्वतःची भाषा द्या. कॅमेरा कानाजवळ न्या, डबी नाही हे दिसू दे."

हुकूम ऐकताच मेकअपच्या ताईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. निळ्यांच्या सरदाराचं काम करणारे काका दुसऱ्या वर्षापासून कानाने अधू झाले होते आणि त्यांच्या डबीखाली ऐकायचं खरं मशीन होतं. ताईंनी कोणाला न सांगता त्यांची डबी दोन बोटं मोठी केली होती. सरदारच तो, मोठी डबी शोभते, असं सगळे धरून चालले.

मॅनेजरला कळलं असतं तर काकांचं काम गेलंच होतं. सरदाराच्या आईचं काम करणाऱ्या बाईंचे गुडघे गेले, तेव्हा मॅनेजरने त्यांना मालिकेत शीतपेटीत झोपवलं, शंभर वर्षांसाठी. त्या बाई अजून फोन करतात, "मला उठवताय का हो?"

"काका, खरं काय ते सांगून टाकू या का?" ताईंनी विचारलं.

"आणि मग?"

"मग घरी आराम."

"घरी चौघं एकदम बोलतात, ताई. मशीन लावलं तरी नुसता गलका. सगळ्यांची तोंडं हलतात आणि मी हसत बसतो. समोरचा माणूस काय बोलणार हे आदल्या दिवशी कागदावर मिळतं, अशी एवढी एकच जागा मला उरलीय." काकांनी मोठी डबी काढून ताईंच्या हातात दिली. "मी सगळ्यांची वाक्यं पाठ करीन. तुम्ही फक्त माझी वेळ आली की खूण करा."

ठरलं. कॅमेऱ्यामागे उभं राहून ताईंनी पावडरचा पफ वर करायचा. पफ वर गेला की काकांनी बोलायचं.

निळ्यांची भाषा बनवायला एक प्रोफेसर आले. त्यांनी तिच्यात 'आम्ही'ला सात शब्द ठेवले आणि 'हो'ला एकही नाही.

"त्यांच्या ग्रहाला चार चंद्र आहेत," ते यानाच्या कॅप्टनबाईला म्हणाले. "रात्रीला एक शब्द कसा पुरेल? मी सोळा केलेत."

"सर, माझ्या सीनमध्ये एकच रात्र आहे," ती म्हणाली. "मला एकच द्या."

शूटिंगला साहेब जातीने खाली उतरले. सीन तहाचा होता. कॅप्टनबाईने नमस्काराचं वाक्य म्हणायचं, सरदाराने ऐकून घ्यायचं, आणि पार शेवटी धमकी द्यायची. काकांचा कान उघडा होता, मशीन कोटाच्या खिशात. कॅप्टनबाई तिसऱ्या शब्दावर अडकली. तिला दरदरून घाम फुटला. ताईंचा हात वीस वर्षांच्या सवयीचा. घाम दिसला की तो आपोआप उठतो. पफ वर गेला.

काकांनी धमकी दिली.

कॅप्टनबाईने घाबरून नमस्कार पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ताईंनी हात झटकन खाली घेतला, पण तिच्या कपाळावरचा थेंब नाकापर्यंत आला तसा तो परत उठला. काकांनी दुसरी धमकी दिली. भाषा कोणालाच येत नसल्यामुळे काही चुकलंय हे बघणाऱ्यांपैकी कोणाला कळलं नाही. ज्यांना येत होती ते प्रोफेसर आपली क्रियापदं डोळे मिटून ऐकत होते. आपलं काहीतरी बिनसलंय एवढं काकांना कॅप्टनबाईच्या चेहऱ्यावरून कळलं. ते पुढे वाकले. तिच्या ओठांकडे बघत राहिले. कळल्यासारखी मान हलवली, ती चुकीच्या जागी हलली असं वाटून थांबवली, आणि शेवटी, घरी हसतात तसं, थोडंसं हसले.

"कट," साहेब स्वतः म्हणाले. साहेबांचे डोळे ओले होते. "चार वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी पटलं. बाकीच्यांकडे बघा. परक्याच्या तोंडची मोडकी भाषा ऐकतायत आणि सगळं कळल्यासारखे उभे. हा एकटा माणूस खरा आहे. काका, कसं केलंत हे?"

काकांनी मान हलवली.

"बघा, किती नम्र," साहेब म्हणाले आणि सोमवारी काकांनी सगळ्यांना शिकवायचं, असा दुसरा हुकूम सोडून वर गेले.

सोमवारी चोवीस नट वह्या घेऊन बसले. न कळण्याचा अभिनय कसा करायचा हे त्यांना लिहून घ्यायचं होतं. पहिला प्रश्न एका निळ्या शिपायाने विचारला. कुठल्याही कागदावर नसलेला प्रश्न. काकांना नुसते ओठ हललेले दिसले. मागून ताईंनी पफ वर केला, पण बोलायचं काय? पोरगं मनापासून विचारत होतं. काकांनी खिशातून मशीन काढलं, सगळ्यांदेखत कानात बसवलं आणि म्हणाले, "हां. आता विचार."

मॅनेजर दाराशीच उभा होता.

दुपारपर्यंत साहेबांचा तिसरा हुकूम आला. बहिऱ्या माणसाने बहिरेपण केलं तर तो अभिनय नाही, ती फसवणूक. सरदार मारा. त्याखाली एक ओळ: "मृत्यू पटेल असा हवा. ऐकू येत नाही, तेच वापरा."

लेखिकाबाईंनी रडत लिहून दिलं. सरदार आणि त्याचे सत्तर सैनिक यानाच्या बाहेर, पोकळीत उभे आहेत. मागून उल्का येते. तिचा आवाज ऐकून सत्तर सैनिक बाजूला होतात. सरदाराला ऐकू येत नाही. सरदार मरतो.

काका वेळेवर आले. निळे झाले, काचेचं शिरस्त्राण चढवलं. मशीन कानातच राहू दिलं. आता लपवायचं कोणापासून? दिग्दर्शकाने उल्का सोडली. थर्माकोलची होती, दोरीवरून आली. सत्तर सैनिक बाजूला झाले. ती काकांच्या पाठीला लागून खाली पडली आणि काका उभेच राहिले.

"काका, पडायचंय," दिग्दर्शक म्हणाला.

काकांनी शिरस्त्राण काढलं. "आपण कुठे उभे आहोत?"

"पोकळीत."

"तिथे हवा आहे?"

दिग्दर्शकाने लेखिकाबाईंकडे बघितलं. त्यांनी प्रोफेसरांकडे बघितलं.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "हवा नाही, म्हणजे आवाजही नाही."

"मग यांना कसं ऐकू आलं?" काकांनी सत्तर जणांकडे हात केला. "मला पटेल असं सांगा. मी लगेच पडतो. शब्द आहे माझा."

सत्तर सैनिक एकेक करून परत आपापल्या जागेवर येऊन उभे राहिले. ताईंनी काकांना बसायला खुर्ची दिली. मॅनेजरने प्रश्न कागदावर लिहून चौथ्या मजल्यावर पाठवला.

साहेब, त्याला अकरा दिवस झाले. रोज सकाळी एकाहत्तर माणसं निळी होतात, पोकळीत उभी राहतात आणि संध्याकाळी तोंड धुऊन घरी जातात. तेव्हा आता तुम्हीच, लेखी, सही करून सांगा: जिथे कोणालाच काही ऐकू येत नाही, तिथे काकांनी एकट्यानेच का मरायचं?