मनःस्वास्थ्य निधीसाठी रायफलीची सोडत

कोणतीही दुर्घटना टाळायची तर आधी ती घडावी लागते, हे सार्वजनिक कारभाराचं पायाभूत तत्त्व आहे. न घडलेल्या दुर्घटनेची चौकशी करता येत नाही, तिच्यावर समिती नेमता येत नाही आणि तिच्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणता येत नाही. ऑस्मंड या अमेरिकी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, दुर्दैव असं की तिथे अजून काहीच घडलं नव्हतं. शेजारच्या काउंटीत मात्र एका माणसाने भर दुपारी किराणा दुकानात शिरून अकरा जणांना गोळ्या घातल्या, आणि ऑस्मंडकरांना नाइलाजाने शेजाऱ्यांच्या दुर्घटनेवर भागवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी राज्यपाल टीव्हीवर म्हणाले, "प्रश्न बंदुकीचा नाही, माणसाच्या मनाचा आहे." हे ऐकून सगळ्या काउंटीचा जीव भांड्यात पडला. काउंटीत बंदुका अंदाजे साठ हजार होत्या आणि मनाचा विभाग एका खोलीत मावत होता. यातल्या कशावर जबाबदारी टाकणं सोयीचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

त्या खोलीत लॉर्ना हॅस्केट बसायची. अडतीस हजार लोकवस्तीला ती एकटी समुपदेशक. खोली सरकारी इमारतीच्या तळघरात, वाहन परवान्याच्या रांगेला लागून होती, त्यामुळे बरेच लोक डोळे तपासायला म्हणून चुकून आत येत (आणि लॉर्नाच्या नोंदीप्रमाणे त्यातले निम्मे रडून जात). राज्यपालांच्या भाषणानंतरच्या सोमवारी तिच्या दारावरची पाटी बदलली. आता ती 'सामूहिक गोळीबार प्रतिबंधक अधिकारी' झाली होती. पगार तोच राहिला आणि खुर्चीही तीच. खुर्चीचा डावा हात निखळलेला होता, तोही कायम ठेवण्यात आला.

मग रीतसर प्रतिबंधक समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून काउंटीचे आयुक्त हार्लन स्ट्राउड, शस्त्रतज्ज्ञ म्हणून बंदुकांचे दुकानदार बर्ल यान्सी, शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा, एक मदतनीस, एक पाद्री, एक शाळाप्रमुख, आणि फुलवाल्या श्रीमती ऑफेलिया क्रम. फुलवाल्या बाई कशासाठी, असं लॉर्नाने विचारलं. शेजारच्या काउंटीत सगळी फुलं त्यांनीच पुरवली होती आणि समितीत प्रत्यक्ष अनुभव असलेल्या त्या एकट्याच होत्या, असा खुलासा करण्यात आला. लॉर्ना सदस्य-सचिव होती, म्हणजे तिने लिहायचं आणि मत द्यायचं नाही.

पहिल्या तीन बैठकांत समितीने केलेलं काम थक्क करणारं आहे. शोकठराव लिहून तयार झाला, त्यात ठिकाण, तारीख आणि मृतांचा आकडा एवढ्याच जागा कोऱ्या ठेवल्या. ध्वजस्तंभाची दोरी बदलली, कारण मागच्या वेळी झेंडा अर्ध्यावर न थांबता सारखा खाली घसरत होता. मेणबत्त्यांसाठी फुटबॉल मैदानामागची गाड्यांची जागा ठरली. पाऊस आल्यास व्यायामशाळा (ती घटनास्थळ नसल्यास). शिवाय 'ऑस्मंड खचणार नाही' असं छापलेले सहाशे टी-शर्ट आगाऊ करून घेतले, कारण आयत्या वेळी छापखानेवाले भाव वाढवतात. टी-शर्टांची खोकी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती लॉर्नाच्या खोलीत रचली गेली. येणारा माणूस त्यांच्यावर बसून आपलं दुःख सांगू लागला.

लॉर्नाने एकदा भीतभीत आकडे मांडले. तिची वेळ मिळायला अकरा आठवडे लागत होते आणि बंदूक मिळायला बारा मिनिटं. समितीने या तफावतीची गंभीर दखल घेतली. बारा मिनिटं फार होतात, असं मत इतिवृत्तात नोंदवण्यात आलं.

सप्टेंबरात एके सकाळी नॅडीन टॅकेट आली. तीही रांग चुकली असेल असं लॉर्नाला वाटलं, पण ती दार लावून खोक्यावर बसली. तिचा नवरा रॉयस कोंबड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं होता. मार्चमध्ये त्याला काढलं.

"तसा तो वाईट नाही हो, मॅडम," नॅडीन म्हणाली. "मारत नाही, ओरडत नाही. नुसता गॅरेजमध्ये बसतो. जेवायला बोलावलं तर म्हणतो, तुम्ही जेवून घ्या."

"झोप?"

"कसली झोप. आणि हे बघा."

तिने पर्समधून पिझ्झाच्या खोक्याचं फाडलेलं झाकण काढलं. त्यावर सुबक अक्षरात नऊ नावं होती. पहिलं कारखान्यातल्या मुकादमाचं. लॉर्नाने यादी खालपर्यंत वाचली आणि पुन्हा वरून वाचली. नववं नाव रॉयस टॅकेट होतं.

"घरात बंदुका किती?"

"चार. दोन सासऱ्यांच्या." नॅडीनने झाकणाची घडी घालायचा प्रयत्न केला, ते जाड होतं. "त्याला बरं वाटेपर्यंत कुणी तेवढ्या घेऊन गेलं ना, मॅडम, तर मी झोपेन तरी. कायमच्या नकोत न्यायला. त्याला राग येईल."

इतक्या वर्षांत लॉर्नाकडे आलेली बहुतेक दुखणाईत माणसं मुंगीलाही न दुखावणारी होती, दुसऱ्या कुणाआधी ती स्वतःच्याच जिवावर उठायची. या यादीत मात्र दुसरेही होते आणि तो स्वतःही.

तिने शेरीफच्या मदतनीसाला फोन केला. यादी करणं हा गुन्हा नाही, तो म्हणाला. तो स्वतःही याद्या करतो. या राज्यात काही घडल्याशिवाय कुणाच्या घरातून बंदूक उचलता येत नाही. "पण घडलं की लगेच कळवा," तो आपुलकीने म्हणाला, "आम्ही चार मिनिटांत पोचतो."

मग लॉर्नाने रॉयसचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. मधे घुसवायला जागा नव्हती. आधीच्या प्रत्येक नावालाही घरी कुणीतरी नॅडीन होती.

पुढच्या बैठकीत तिने दुसरा समुपदेशक मागितला. स्ट्राउडसाहेबांनी मान डोलावली. मनाचं महत्त्व त्यांना पटलेलंच होतं, प्रश्न फक्त निधीचा होता. आता ऑस्मंडमध्ये निधी उभारायची एक जुनी, सिद्ध पद्धत आहे. अग्निशमन दलाला पाइप हवा असो, शाळेच्या बँडला गणवेश हवे असोत की चर्चचं छप्पर गळत असो, एक चांगली रायफल ठेवायची, तिकिटं विकायची आणि सोडत काढायची. आजवर एकही पाइप, गणवेश वा छप्पर अडलं नाही.

"साहेब, ही मनःस्वास्थ्यासाठीची सोडत आहे," लॉर्ना म्हणाली. "बक्षीस दुसरं काही ठेवता येणार नाही का? केक वगैरे?"

"केकसाठी कोण तिकीट घेतं, बाई?"

"आमच्या चर्चमध्ये ठेवला होता एकदा," पाद्री म्हणाले. "सात तिकिटं गेली. पाच माझ्या बायकोने घेतली."

इतिवृत्तात नोंद झाली: सदस्य-सचिवांनी केकचा आग्रह धरला, तो एकमताने फेटाळण्यात आला. नोंद लॉर्नानेच केली, कारण लिहिण्याचं काम तिचं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर मैदानावर सोडत झाली. तळलेली कोंबडी होती, बँड होता (नव्या गणवेशात), आणि टेबलावर हिरव्या कापडावर रायफल होती. तिच्याशेजारी फलक होता, 'मन मोकळं करा.' चिठ्ठी लॉर्नाने काढायची असं ठरलं होतं, म्हणजे कार्यक्रमाला विभागाचा स्पर्श झाला असता. तिने हात घातला, चिठ्ठी उलगडून वाचली. तिने चिठ्ठी मुठीत धरली. स्ट्राउडसाहेबांनी ती हसत हसत काढून घेतली आणि ध्वनिक्षेपकावर वाचली.

"रॉयस टॅकेट!"

गर्दीत नॅडीन कागदी बशी घेऊन उभी होती, बशी तशीच राहिली. तिकिटं तिनेच घेतली होती. दुसरा समुपदेशक आला तर रॉयसचा नंबर लवकर लागेल, म्हणून जरा हात सैल सोडून तीन घेतली होती. नवऱ्याला तेवढंच बरं वाटेल, म्हणून नाव त्याचं घातलं होतं.

सोडतीत जिंकलेली रायफलसुद्धा तपासणीशिवाय देत नाहीत, ऑस्मंड काही बेबंद नाही. जिंकणाऱ्याने बर्लच्या दुकानात जाऊन फॉर्म भरायचा. त्यात एक प्रश्न मनाचाही असतो. कोर्टाने तुम्हाला कधी मनोरुग्ण ठरवलं आहे का, किंवा सक्तीने इस्पितळात पाठवलं आहे का? रॉयसला कुणीच काही ठरवलं नव्हतं. तो अजून रांगेत होता, आणि रांगेत असणं हा आजार नाही. ज्याला उपचार मिळाले त्याची कुठेतरी नोंद व्हायचा धोका असतो. ज्याला मिळालेच नाहीत, तो शासनाच्या लेखी ठणठणीत असतो.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच लॉर्ना पायरीवर उभी होती. बर्ल यान्सी तिच्या वडिलांच्या वर्गातला, सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. कुणाचं गुपित फोडू नये हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. पण जिवावर बेतलं तर तोंड उघडायची तिला मुभा होती. तिने नाव सांगितलं, यादीचं सांगितलं आणि घरातल्या चार बंदुकांचंही सांगितलं.

बर्लने किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या. "अगं, तपासणीत तो धुतल्या तांदळासारखा निघणार. मी त्याला नाही कसं म्हणू?"

"तुम्ही दुकानदार आहात. नाही म्हणायला कायदा कुठे आडवा येतो?"

"मग तो पुढच्या दुकानात जाईल. इथून काउंटीच्या हद्दीपर्यंत नऊ दुकानं आहेत. आणि घरातल्या चारांचं काय करशील?"

बर्ल गल्ल्याची काच पुसायला लागला.

"माझ्या मेव्हण्याला मीच विकली होती," तो म्हणाला. "त्र्याण्णव साली. तेव्हाही सगळे कागद बरोबर होते." मग त्याने फोन उचलला. "रॉयस? बर्ल बोलतोय. अभिनंदन, लेका. हे बघ, त्या रायफलीचा चाप जरा अडकतोय, कंपनीला पाठवायला लागेल. पण जिंकणाऱ्याला घरातल्या सगळ्या बंदुकांची सफाई फुकट आहे... हो, सगळ्या. सासरच्या असल्या तरी."

"सासऱ्यांच्या आहेत त्या. म्हणजे नॅडीनच्या सासऱ्यांच्या," लॉर्ना कुजबुजली.

"बापाच्या असल्या तरी," बर्लने दुरुस्ती केली.

(अशी कुठलीही योजना नव्हती. बर्लने उभ्या आयुष्यात कुणाची बंदूक फुकट पुसून दिलेली नाही.)

रॉयस दुपारी आला. चारही बंदुका त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. बर्लने त्या आतल्या तिजोरीत ठेवल्या.

"किती दिवस लागतील?" रॉयसने विचारलं.

"कामं तुंबलीत बघ. दहा-अकरा आठवडे तरी जातील."

रॉयसने तिजोरीच्या दाराकडे पाहिलं. मग बर्लकडे पाहिलं.

"घाई करू नकोस," तो म्हणाला.

अकराव्या आठवड्यात तो लॉर्नाच्या खोलीत खोक्यावर येऊन बसला. पहिल्या वेळी तासभर कोंबड्यांबद्दल बोलला. दुसऱ्या वेळी मुकादमाबद्दल, तिसऱ्या वेळी स्वतःबद्दल. फेब्रुवारीत नॅडीनने सांगितलं की तो गॅरेजमधून जेवायला येतो आणि मिठाबद्दल कुरकुर करतो. ते पिझ्झाचं झाकण त्याने स्वतःच कचऱ्यात टाकलं. बंदुकांची सफाई अजून चालूच आहे.

आर्थिक वर्षअखेरीला लॉर्नाने अहवाल भरला. 'टाळलेले गोळीबार' या रकान्यात पुराव्यासह आकडा लिहायचा होता. जे झालं नाही त्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता, तिने शून्य लिहिलं. फुकट सफाईला रकानाच नव्हता. समितीने अहवालावर बारकाईने विचार केला. वर्षभर काहीच घडलं नाही, म्हणजे या पदाची गरज नव्हती, असा निष्कर्ष निघाला. लॉर्नाला अर्धवेळ केलं. दुसऱ्या समुपदेशकाचा विषय मागे पडला, आणि सोडतीचा निधी पुढच्या वर्षीच्या दोन रायफलींत गुंतवला. फुलवाल्या बाईंनी, तयारी करूनही वर्ष कोरडं गेल्याबद्दल, सौम्य शब्दांत नाराजी नोंदवली.

आता लॉर्नाची वेळ मिळायला बावीस आठवडे लागतात. टी-शर्टांची खोकी अजून तिच्याच खोलीत आहेत, एकही फुटलेलं नाही, आणि ती कशी संपवायची यावर समिती विचार करते आहे. तरी चिठ्ठीत रॉयसचं नाव निघाल्यापासून ज्या वाचकांनी गोळी कधी सुटते याची वाट पाहिली, आणि ती सुटली नाही म्हणून ज्यांना गोष्ट थोडी फसल्यासारखी वाटली, त्यांनी आपलं माप कळवावं. सगळी मापं शिल्लक आहेत.