मुक्या बाटलीला वाचा फुटली!

"माझ्या खोलीत एक अणूसुद्धा मला विचारल्याशिवाय कूस बदलत नाही!"

असं मापाडी छाती काढून सांगायचा. छाती बेताचीच, म्हणून जरा टाचा उंचावून सांगायचा. मापाडी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ही प्रयोगशाळेने बहाल केलेली पदवी! किरणोत्सार मोजायचं यंत्र त्याच्या गळ्यात चोवीस तास लोंबकळत असे आणि दिसेल त्यावर तो ते रोखत असे. केळी माप, भिंत माप, पाहुण्याची टोपी माप! बायकोने हौसेने मनगटी घड्याळ आणलं, तर गृहस्थाने किती वाजले ते न बघता आधी त्याचे किरण मोजले. बायको महिनाभर बोलली नाही म्हणतात. मी आपलं तीन आठवडेच धरतो. उगाच अतिशयोक्ती कशाला?

या मापाड्याच्या ताब्यात होतं ल्युटेशियम. दुर्मिळ मृदा म्हणतात त्या घराण्यातलं हे शेंडेफळ. आता ल्युटेशियम म्हणजे एका घरातले तीन भाऊ समजा. शास्त्रज्ञ त्यांना समस्थानिक म्हणतात. आडनाव एक, तोंडवळा एक, फरक काय तो वजनाचा आणि डोक्याच्या तापमानाचा. पहिला एकशे पंच्याहत्तर: स्थिर, गरीब गाय, जन्मात ब्र काढणार नाही. दुसरा एकशे शहात्तर: हा धुमसतो, पण इतका सावकाश, की त्याचा राग निम्मा व्हायला पृथ्वीचं अख्खं वय पुरायचं नाही. आणि तिसरा एकशे सत्त्याहत्तर म्हणजे निव्वळ आग्यावेताळ! तो अणुभट्टीत घडवावा लागतो, आठवड्याभरात निम्मा विरून जातो, पण तेवढ्या अवधीत डॉक्टर लोक त्याला औषध म्हणून राबवून घेतात.

आग्यावेताळ मागच्या खोलीत, शिशाच्या जाड कपाटात बंद. पुढच्या खोलीतल्या फळीवर स्थिर भावाची बाटली. तिला सगळे 'मुकी' म्हणत, कारण तिच्यासमोर मापाड्याचं यंत्र कधी चकार शब्द काढत नसे.

त्या दिवशी परवाना नवा करायला तपासनीस बाई येणार होत्या. बाई अशा कडक, की त्यांच्यासमोर घड्याळंसुद्धा दबकत टिकटिक करत! परवाना गेला तर प्रयोगशाळेला टाळं, आणि रुग्णालयांचं औषध बंद. मापाडी पहाटेपासून बूट पुसत बसला होता. एवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या.

"जावईबापू, आज मला तुमची कचेरी दाखवा."

मापाड्याच्या हातातला बूट गळून पडला. इतक्या वर्षांत घरातल्या एकाही माणसाने त्याच्या कामाबद्दल साधं 'काय चाललंय?' विचारलं नव्हतं!

"खरंच येता, आई? गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघते. तुम्ही मला एक खुर्ची द्या, म्हणजे झालं. तोंडाने हूं की चूं करणार नाही."

सासूबाई गप्प बसणार म्हणजे सूर्य सुट्टी घेणार! पण मापाडी इतका फुलला होता, की त्याला कसली शंका आली नाही. गळ्यातलं यंत्रही बाईंसमोर ताजंतवानं राहावं म्हणून त्याने कालपासून बंद ठेवलं होतं. प्रयोगशाळेच्या दारावर एक यंत्र होतं, ते बाहेर जाणाऱ्यांनाच तपासायचं. आत येताना कोण काय घेऊन येणार? त्याने पुढच्या खोलीत, मुक्या बाटलीच्या फळीखाली, सासूबाईंना मानाने बसवलं. त्यांनी लोकरीचा गुंडा काढला आणि पणतवंडाचं टोपरं विणायला घेतलं.

बाई आल्या. मापाड्याने टाचा उंचावल्या.

"मॅडम, हे आमचं स्थिर ल्युटेशियम. यंत्र लावतो. ऐका, कसं काही ऐकू येत नाही ते!"

टर्रर्रर्रर्र!

तापल्या कढईत मक्याचे दाणे उडावेत तसं यंत्र तडतडायला लागलं!

"फारच छान ऐकू येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"यंत्र बिघडलं असणार, मॅडम!"

बाईंनी पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. ते तर चक्क किंचाळलं! मापाड्याचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा झाला. त्याने भांडाऱ्याकडे वळून डोळे वटारले. भांडारी म्हणजे सामानाची कोठी सांभाळणारा, झुपकेदार मिशांचा, पण काळीज पिसाचं असलेला माणूस.

"भांडारी! बाटल्यांची अदलाबदल केलीस? मुकीत सत्त्याहत्तर भरलास?"

"आईशप्पथ नाही, साहेब! मी त्या बाटलीवरची धूळसुद्धा लांबून फुंकतो!"

"आधी आईंना हलव! जाड भिंतीच्या वजनखोलीत ने!"

"मी आहे ती बरी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. पण भांडाऱ्याने त्यांना खुर्चीसकट उचललं. लोकरीचा गुंडा मागून घरंगळत गेला.

मापाड्याने लांब चिमट्यात बाटली धरली आणि नीट तपासायला म्हणून तोही गेला वजनखोलीतच. इकडे पुढच्या खोलीत बाईंचं यंत्र चिडीचूप! तिकडे वजनखोलीत मापाड्याचं टर्रर्रर्र!

"बघा मॅडम! बाटली नाही तिथे शांतता, बाटली आहे तिथे बोंब! चोर सापडला!" स्वतःच्याच गळ्याला फास लागतोय हे विसरून मापाडी आनंदाने ओरडला.

"मग त्या आजींना इथे का बसवलंय? माणसं आहात का कोण!" वजनखोलीत येत बाई म्हणाल्या.

"भांडारी! आईंना बोळात ने!"

पुन्हा खुर्ची उचलली. पुन्हा गुंडा घरंगळला. सासूबाई कुरकुरल्या, "अरे, माझे टाके सुटतायत!"

बाईंनी बाटलीला यंत्र लावलं. बाटली मुकी! तळाशी लावलं, बुचाला लावलं. मुकी ती मुकीच! आणि तेवढ्यात बोळातून भांडाऱ्याच्या हातातलं जादा यंत्र ठणाणा करायला लागलं.

"सांडलं!" मापाडी मटकन खाली बसला. "बाटलीतून गळत गळत बोळात गेलं! सगळे बाहेर पडा! आईंना आधी! नाही, दारात गर्दी नको, एकेक!"

आता बाहेर पडायचं म्हणजे दारावरच्या यंत्रातून. भांडारी गेला, यंत्र गप्प. बाई गेल्या, गप्प. मापाडी बूट काढून, हात वर करून, डोळे मिटून गेला. गप्प!

मग काठी टेकत सासूबाई आल्या.

आणि घंटा अशी कडाडली, की पलीकडच्या रस्त्यावरचे कुत्रे शेपूट घालून पळाले. (दोन कुत्रे तर अजून परतले नाहीत. पण ते असो.)

परवाना, बाटली, बाई, सगळं विसरून मापाडी धावला आणि सासूबाईंच्या पायाशी बसून त्यांच्या चपला काढायला लागला.

"आई, शाल द्या! लोकर टाका! माझ्या हौसेपायी... मी तुम्हाला मिरवायला आणलं आणि... भांडारी, पाणी! साबण! आता बायकोला काय तोंड दाखवू मी?"

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गळ्यातलं यंत्र सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याला टेकलं होतं आणि ऊर फुटेस्तोवर तडतडत होतं.

सासूबाईंना ते बघवेना.

"उठा, जावईबापू. तुमच्या खोलीने मला काही केलेलं नाही. मीच घेऊन आलेय."

"काय घेऊन आलात?"

"गुडघ्यात! काल रुग्णालयात जाऊन सुई टोचून घेतली. लेकीनेच नेलं. तिला बजावलं, नवऱ्याला सांगशील तर खबरदार! कळलं असतं तर तुम्ही मला केळ्यासारखं मापत घरभर फिरला असता!"

मापाड्याने हातातली चप्पल परत त्यांच्या पायाशी ठेवली.

"पण आई, मग इथे कशाला आलात?"

"डॉक्टर म्हणाले, आम्ही सांगेपर्यंत तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायचं नाही. आता घरी नातीचं लेकरू. ते रडलं की मी उचलणार नाही का? माझा मलाच भरवसा नाही! म्हटलं, जावयाच्या कचेरीत जाऊन बसावं. तिथे सगळं तसलंच भरलेलं. त्यात माझं इवलंसं कुणाला कळणार?"

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर सांगत होते, औषध तुमच्याच जावयाच्या हातचं आहे म्हणून. मला नुसतं ल्युटे... ल्युटे... एवढंच आठवतंय. पण खरं सांगू? सकाळी दोन पायऱ्या काठीशिवाय चढले मी."

मापाडी जो रडायचा थांबला होता, तो पुन्हा रडायला लागला. यावेळी टाचा न उंचावता.

तपासनीस बाईंनी रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. मग घसा खाकरून त्या म्हणाल्या, "बाटली शुद्ध आहे. परवाना मंजूर! अट एकच: दारावरचं यंत्र यापुढे आत येणाऱ्यांनाही तपासेल. विशेषतः सासवांना."

डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत मापाडी रोज सासूबाईंसमोर लांब बसून, हात ताणून गुडघा मोजत असे आणि आकडा उतरला की घरभर ओरडत सुटे. सासूबाई शेजारणींना सांगत, "गुडघ्याची रोज इतकी चौकशी करणारा जावई आहे का कुणाकडे?" शेजारच्या तिघी आपापल्या जावयांशी त्यावरून भांडल्या. मग एके सकाळी पणतू मांडीवर आला आणि त्याने पहिल्या झटक्यात टोपरं काढून फेकलं.

मापाडी अजूनही पाहुण्यांना छाती काढून सांगतो, "माझ्या खोलीत एक अणूसुद्धा मला विचारल्याशिवाय कूस बदलत नाही!"

भांडारी मागे उभा राहून मिशीतल्या मिशीत पुटपुटतो, "माहेरचे सोडून, साहेब. वहिनीसाहेबांच्या माहेरचे सोडून!"