दुधाच्या दातांचा अनुभव

जालन्याच्या एका बियाणे कंपनीतली इंटर्नशिप संपली, त्या दिवशी शिवकन्या खरातला तिचा अनुभव दोरीला बांधून देण्यात आला. तो शेळीएवढा होता, पण शेळी नव्हता. रंग ओल्या गोणपाटासारखा, कान लांब, डोळे शांत. सहा महिने तिने प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासली होती. तेवढ्यात एवढाच होतो, असं तिथले पठाडे सर म्हणाले.

"ह्याला रोज काम लागतं," दोरी तिच्या हातात देताना त्यांनी बजावलं. "काम नाही मिळालं की वाळत जातो. आणि मला अधूनमधून फोन करत जा. माझा आवाज त्याच्या कानावर राहिला पाहिजे."

परतूरच्या एसटीत कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट दिलं. घरी आईने त्याला दारातच न्याहाळून घेतलं.

"शेपूट न्हाई का याला?"

"नोकरी लागल्यावर फुटतं म्हणतात."

"अन् खातो काय?"

"काम."

"मग सोपं हाय," आई म्हणाली आणि तिने खरकट्या भांड्यांची पाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या क्षेत्रातलं काम त्याला चालत नव्हतं.

शिवकन्या कृषी सेवा केंद्रात गेली आणि दुकानदाराकडून पडून राहिलेलं बियाणं मागून आणलं. रोज सकाळी ती मूठभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायची, आधीची फडकी उघडून मोड मोजायची, आणि किती उगवलं ते दुकानदाराला कळवायची. अनुभव तिच्या मांडीला नाक लावून बसायचा आणि उठताना पोट भरलेला दिसायचा. तिच्याबरोबर इंटर्नशिप केलेल्या ओंकारने आपला अनुभव गच्चीवर बांधला आणि विसरला. दसऱ्याला वर जाऊन पाहिलं तर दोरीचा फास तेवढा उरला होता. ओंकार आता पुन्हा फ्रेशर म्हणून अर्ज करत होता.

मुलाखतीत मात्र शिवकन्येचं गाडं दातांवर अडायचं. दोन ठिकाणी साहेबांनी अनुभवाचा जबडा उघडला, दुधाचे दात पाहिले आणि कळवतो म्हणाले. तिसरी मुलाखत अकोल्याला होती. निघताना आई म्हणाली, "ह्या वेळी न्हाई झालं तर मामाच्या दुकानात बस. ह्याला कुठवर पोसशील?"

अकोल्याला मुलाखत घेणारे कुलट साहेब पन्नाशीचे होते. त्यांचा स्वतःचा अनुभव कोपऱ्यात आडवा पडला होता. तो वाळूनही म्हशीहून मोठा होता आणि केबिनची अर्धी जागा त्यानेच अडवली होती. त्याच्या पाठीला फायलींचं कपाट टेकवलेलं होतं.

"दुधाचे दात," कुलट साहेब जबडा मिटवत म्हणाले. "जाहिरातीत दोन दाती लिहिलंय. दोन पक्के दात आलेला."

"सर, नोकरीत राहिला की होतोच ना दोन दाती?"

"होतो. म्हणूनच नोकरीसाठी येताना दोन दाती लागतो."

शिवकन्येला यातली चूक सापडेना. तिने घसा खाकरला. "पठाडे सरांना फोन लावू का? ते सांगतील याच्याबद्दल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लावा."

फोनमधून आवाज आला, "शिवकन्या, जेवलीस का?" अनुभवाचे कान ताठ झाले. तिने काय ते सांगितलं, टेबलावर सोयाबीनच्या नमुन्याची ताटली आहे हेही. मग सर सावकाश म्हणाले, "चल रे बाळा. सोयाबीन."

अनुभव उठला. त्याने टेबलावरच्या नमुन्याच्या ताटलीत नाक घातलं आणि ओठांनी निवडून एकेक दाणा बाजूला काढू लागला. कुलट साहेबांनी त्यातला एक ब्लेडने चिरला. आतला गर काळा पडला होता. दुसरा चिरला, तोही तसाच.

तेव्हा कोपऱ्यातल्या अनुभवाने डोळे उघडले. तो गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. मागचं कपाट भिंतीवर कललं आणि फायली घसरत खाली आल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत.

"उठला," कुलट साहेब हळूच म्हणाले. "बढती घेऊन या खोलीत आलो तेव्हापासून पडून होता. तो गेलाच असं मी धरून चाललो होतो. काढायचा कसा, एवढंच कुणी सांगत नव्हतं."

मोठा अनुभव अंग चोरून दारातून बाहेर पडला. लहान त्याच्यामागे निघाला, आणि त्यांच्यामागे साहेब आणि शिवकन्या. कारकुनांनी खुर्च्या आत ओढून वाट दिली.

"सोमवारपासून या," चालता चालता साहेब म्हणाले.

"आणि दात?"

"येतील इथंच."

प्रयोगशाळेच्या दारावर पादत्राणे बाहेर काढण्याची पाटी होती. दोघेही अनुभव आत शिरले होते. साहेबांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोजे घातलेल्या पायांनी ते तिथेच घुटमळले.

"आतल्या चपला कुठे ठेवतात हल्ली?" त्यांनी विचारलं.

शिवकन्येने आजूबाजूला पाहिलं, दारामागच्या फळीवरून दोन जोड काढले आणि त्यातला मोठा त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांना आखूड होत होता. टाचा बाहेर ठेवून ते तसेच आत गेले.