मुरमाडी पहाडी : बावीस अंगठे, एक सही

जगात उंची दोन प्रकारची असते. एक निसर्ग देतो, दुसरी शासन देतं. निसर्गाची उंची फुटांत मोजतात, शासनाची हुद्द्यात. आणि या दोहोंत कधी तंटा उभा राहिलाच, तर निसर्गाने नमतं घ्यावं असा शिष्टाचार आहे. डोंगर बिचारे सहसा घेतातही. चांदा जिल्ह्यातल्या मुरमाडी पहाडीने मात्र १९५८ सालच्या मे महिन्यात हा शिष्टाचार पाळला नाही, त्याची ही हकीकत.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला टेकून असलेल्या एका गावात विकास गटाचं कार्यालय होतं. (गावाचं नाव सांगत नाही. तिथले बरेच जण अजून पेन्शन खाऊन आहेत.) माणसं तेवीस, खुर्च्या अकरा, पंखा एक, तोही दोरीने ओढायचा. या तेविसांत देवाजी नाकाडे नावाचा लिपिक होता. कार्यालयातली सगळी पत्रं त्याच्या हातची. बाकीचे सही करत, आणि तेवढ्यानेही दमत.

देवाजी चार वर्षांपासून हंगामी होता. दर सहा महिन्यांनी एका संध्याकाळी त्याची नोकरी संपे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू होई. मधल्या रात्री तो सरकारदरबारी कोणीच नसे. एरवी त्याने हे सोसलं असतं. पण आरमोरीच्या बापूजी मिसारांची मुलगी वच्छला त्याने दोनदा पाहिली होती आणि त्याचा जीव तिच्यावर पुरता जडला होता. बापूजींनी पानाला चुना लावता लावता एकच सांगितलं होतं, "पोरगी आमाले कायमची द्याची हाय. मंग जवाई बी कायम पाह्यजे."

तेव्हा देवाजी कायम होण्याची वाट पाहत होता, आणि वच्छला देवाजीची.

अशात मुंबईहून परिपत्रक आलं. राज्य बदलल्यापासून कागद नागपूरऐवजी मुंबईहून येत, म्हणजे चार दिवस उशिरा, पण समुद्राची हवा खाऊन. परिपत्रकाचा आशय असा की, कर्मचाऱ्यांत आरोग्य व ऐक्य वाढावं म्हणून प्रत्येक कार्यालयाने जवळच्या पर्वतावर सामूहिक आरोहण करावं, तेही १५ मेच्या आत. (मे महिन्यात मुंबईला संध्याकाळी छान वारा सुटतो.) सोबत एक फॉर्म होता, एकुलता एक. रकाने तीन: अनुक्रमांक, कर्मचाऱ्याचं नाव, आणि 'शिखरावर हजर इसमाची सही अथवा अंगठा'. खाली ठळक टीप: खाडाखोड आढळल्यास फॉर्म रद्द समजण्यात येईल.

गटविकास अधिकारी कर्णिक साहेब ठाण्याकडचे. मनाने भले, अंगाने त्याहूनही भले. त्यांनी देवाजीला बोलावून सांगितलं, "नाकाडे, हे आरोहण व्यवस्थित पार पडू द्या. तुमच्या कायम होण्याची शिफारस मी त्याच टपालाने पाठवतो." देवाजीने त्याच दुपारी तेवीसच्या तेवीस नावं फॉर्मवर शाईने लिहून टाकली. इथे त्याने घाई केली, पण प्रेमात पडलेला माणूस पेन्सिल वापरत नाही.

दिवस ठरला रविवार, अकरा मे. कामाच्या दिवशी गेलं तर कामाचा खोळंबा होतो, असं सगळ्यांचं मत पडलं. तो कोणत्या कामाचा, हे कोणी विचारलं नाही. सावलीत पारा एकशे तेरावर होता. उन्हात मोजण्याचा आदेश नव्हता.

निघताना सामान असं: साहेबांची आरामखुर्ची, तीन सुरया, पुऱ्यांचा डबा, झेंडूचा हार (शिखरावर साहेबांच्या गळ्यात घालण्यासाठी), गोल शिक्का, शाईचं पॅड आणि वैद्यकीय दाखले चार. दाखले चौघांनी सकाळीच दिले होते. साहेबांनी ते शिखरावर मंजूर करतो म्हणून खिशात ठेवले.

वाट दाखवायला पायथ्याच्या टोल्यावरचा, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतला, लालसू कोवे होता. साठीचा गडी, पायाला वाट पाठ. त्याने निघण्याआधी सगळ्यांना एकेक गोटा उचलायला लावला. "वर देव हाय. त्याच्यापाशी गोट्यायचा ढीग हाय. जो चढते तो खालून एक गोटा नेते. आमचे आजे-पणजे नेत आले." साहेबांना प्रथा आवडली. त्यांनी एक सुबक गोटा निवडला आणि कृषी अधिकाऱ्याच्या हाती दिला. कृषी अधिकाऱ्याने तो आपल्या गोट्यासह सहकार अधिकाऱ्याकडे सोपवला. अशा रीतीने काम योग्य त्या पातळीवर उतरत उतरत शेवटी चपराशी चैतूकडे तेवीस गोट्यांचं पोतं झालं.

चढण्याचा क्रम ज्येष्ठता यादीप्रमाणे ठेवला होता. म्हणजे सगळ्यांत पुढे साहेब, सगळ्यांत मागे चैतू. हुद्द्याने वरचा माणूस पहाडीवर खालच्या माणसापेक्षा खाली असणं बरं दिसत नाही, त्यामुळे साहेबांना ओलांडायचं नाही असा नियम झाला. साहेब दर पन्नास पावलांनी थांबत. मग मागचे बावीस जणही अदबीने थांबत आणि अदबीने भाजत. लालसूचं नाव यादीत नव्हतंच. नियमाने त्याची जागा चैतूच्याही मागे आली. वाट माहीत असलेला एकटा माणूस शेवटी चालू लागला.

अर्ध्या तासाने वाटेला दोन फाटे फुटले. लालसू मागून म्हणाला, "डावीकडून घ्या, बाप्पा!" पण टोल्यावरच्या माणसाने थेट साहेबांना हाक मारणं शिस्तीत बसेना. म्हणून सूचना रीतसर वर गेली. चैतूने देवाजीला सांगितली, देवाजीने ग्रामसेवकांना, त्यांनी एकमेकांना. सहकार अधिकाऱ्याने 'सहमत' म्हणून पुढे सरकवली. कृषी अधिकाऱ्याने ती नऊ मिनिटं अडवली, कारण दिशा हा विषय बांधकाम खात्याचा. साहेबांपर्यंत सूचना पोहोचली तेव्हा ते उजव्या फाट्याने दोन फर्लांग चढून गेले होते. त्यांनी ती शांतपणे ऐकली, "पाहिली" म्हणाले आणि चालू लागले.

उन्हाने माथा फुटायची वेळ आली. दगड असे तापले होते की बसणारा बसल्या क्षणी उभा राही. तिसरी सुरई रिकामी झाली तेव्हा अकरा वाजले होते. तरी लोक हसत होते, हे नमूद केलं पाहिजे. एकमेकांची फजिती जवळून पाहायला मिळाली की कर्मचाऱ्यांत ऐक्य वाढतं, हा परिपत्रकाचा अंदाज अगदी खरा ठरला. साडेबाराला वाट संपली. सपाट माथा आला. साहेब आरामखुर्चीत कोसळले, गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या. साहेब धापा टाकत म्हणाले, "मित्रहो, आज आपण..."

"साहेब," लालसू मागून पोहोचत म्हणाला, "इथी काऊन बसले? हे तर बुटकी पहाडी व्हय. इथी बकऱ्या चरते."

साहेबांनी गळ्यातला हार सारखा केला. लालसू म्हणाला, "ढीग कुठी हाय इथी? पाहा ना." सगळ्यांनी पाहिलं. ढीग नव्हता. दरीपलीकडे मात्र मुरमाडी उभी होती, आहे तिथून आणखी एवढीच उंच, आणि तिच्या माथ्यावर रंगीत लुगडी हलत होती. तेंदूची पानं तोडायला गेलेल्या बाया होत्या त्या. चैतूने गोट्यांचं पोतं खाली टाकलं आणि त्यावरच बसला.

जागच्या जागी सभा झाली. इथेच शिखर मानावं, असा ठराव बहुमताने पास झाला. तो अमलात यायला अडचण एकच, लालसूची. परिपत्रकात वाटाड्याची साक्ष घ्यावी असं होतं, आणि लालसू म्हणाला, "वर देव पाहून राह्यला. मी खोटा अंगठा नाई देत."

देवाजीने हिशेब केला. फॉर्म कोरा राहिला तर शिफारस नाही, शिफारस नाही तर वच्छला नाही. तो पुढे झाला. "साहेब, मी जातो वर. लालसूभाऊला घेऊन."

साहेबांना दया आली, पण पेच होता. देवाजी वर गेला म्हणजे साहेबांहून उंच होणार. साहेबांनी थोडा विचार केला आणि परिपत्रकाच्या पाठीवर लिहून दिलं: 'श्री. नाकाडे, हंगामी लिपिक, यांना आज दुपारी १ ते ५ या वेळेत निम्नस्वाक्षरीकारापेक्षा उंच राहण्याची तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. फॉर्म भरण्याबाबत ते माझे प्रतिनिधी राहतील. मुदतवाढ मिळणार नाही.' मग त्यांनी पुऱ्यांचा डबा उघडायला सांगितला.

आता ज्येष्ठता यादी आड येत नव्हती. लालसू पुढे, देवाजी मागे. पाऊण तासात दोघे माथ्यावर होते.

वर वारा होता. ढिगापाशी एकवीस बाया टेकल्या होत्या. बाजूला पानांचे गठ्ठे. पहाटे चढलेल्या, आणि या आठवड्यात चौथ्यांदा. (त्यांच्या आरोहणाबद्दल परिपत्रक निघालेलं नसल्याने त्याला नुसतं कामाला जाणं म्हणत.) देवाजीने पोत्यातून आणलेला गोटा ढिगावर ठेवला आणि मटकन खाली बसला. त्यांतल्या सुगंधाबाईने तुंब्यातली आंबील त्याच्या ओंजळीत ओतली. ती पोटात गेली आणि त्याला एकदम रडू आलं. मग त्याने सगळंच सांगून टाकलं: साहेब, फॉर्म, बापूजी, वच्छला.

बाया आधी पोट धरून हसल्या. मग रुखमा म्हणाली, "रडू नको, बाबू. कागद काय पुसून राह्यला ते वाच."

देवाजीने वाचलं. "शिखरावर हजर इसमाची सही अथवा अंगठा."

"मंग? शिखरावर हजर कोन हाय? ते का आमी?"

देवाजीने ओळ तीनदा वाचली. चार वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या रकान्यात चढायला सांगितलं कोणाला ते लिहिलं होतं, तिसऱ्यात चढलं कोण ते लिहायचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागू असाव्यात, असं फॉर्ममध्ये कुठेच म्हटलं नव्हतं. बाया एकवीस, लालसू बाविसावा, तेविसावा तो स्वतः. त्याने शाईचं पॅड उघडलं.

"साहेबाच्या नावापुढं माझा लाव," रुखमा म्हणाली. "लय दिवस झाले, साहेब कसं वाटते ते पाहाचं व्हतं." सुगंधाबाई कृषी अधिकारी झाली. लालसूने ढिगाकडे पाहून विचारलं, "यात खोटं नाई ना, बाबू?" देवाजी म्हणाला, "एकही नाई, लालसूभाऊ." लालसूने अंगठा दिला. शेवटी देवाजीने आपल्या नावापुढे सही केली, आणि पावणेपाचला, परवानगी संपायच्या आत, तो पुन्हा साहेबांच्या पातळीवर हजर झाला.

साहेबांनी फॉर्म पाहिला नाही. पाहिला असता तर माहीत झालं असतं, आणि माहीत असणं ही फार मोठी जबाबदारी आहे. 'तेवीसपैकी तेवीस, शिखरावर' असं सोबतचं पत्र तेवढं त्यांनी सही करून पाठवलं.

जुलैत मुंबईहून अभिनंदन आलं; देवाजीच्या शिफारशीबद्दल त्यात काही नव्हतं. शंभर टक्के आरोहण करणारं हे राज्यातलं एकमेव कार्यालय ठरलं. साहेबांनी पत्र चौकटीत लावून घेतलं. ऑगस्टात दुसरं पत्र आलं, समाजशिक्षण शाखेचं: 'आपल्या कार्यालयातील तेवीस कर्मचाऱ्यांपैकी बावीस अंगठेबहाद्दर असल्याचे फॉर्मवरून दिसून आले आहे. निरक्षरतेचे हे प्रमाण (९५.६५ टक्के) चिंताजनक आहे. रोज नाव गिरवणारा मनुष्य थकल्यावर अंगठ्यावर येतो, यावरून त्याची खरी स्थिती उघड होते. सबब कार्यालयात प्रौढ साक्षरता वर्ग ताबडतोब सुरू करावा.'

साहेबांना उत्तर द्यायचं तर दोनच मार्ग होते: आपल्याला लिहिता येतं, पण आपण वर गेलो नाही, किंवा आपण वर गेलो, पण आपल्याला लिहिता येत नाही. साहेबांनी चौकटीतल्या पत्राकडे पाहत चार दिवस विचार केला आणि दुसरा मार्ग स्वीकारला.

वर्ग सुरू झाला. शिकवायला कार्यालयातला एकमेव साक्षर कर्मचारी नेमणं भाग होतं, आणि नियमाप्रमाणे शिक्षक कायम असावा लागतो. एक सप्टेंबरपासून देवाजी कायम झाला. बापूजींनी हुकूम दोनदा वाचून घेतला, तुळशीचं लग्न आटोपलं, आणि वच्छला आरमोरीहून आली. रोज संध्याकाळी कर्णिक साहेब पाटीवर 'ग म भ न' काढत आणि देवाजी त्यांच्या 'भ'ची गाठ सुधारत असे.

महिन्याभराने रुखमाने खिडकीतून विचारलं, "बाबू, आमाले बी शिकव ना." नियमाने ते शक्य नव्हतं, कारण नोंदीप्रमाणे त्या गावात निरक्षर माणसं फक्त कार्यालयातच होती. पण साहेब फार वेळा दौऱ्यावर असत, आणि त्यांच्या नावापुढे अंगठा रुखमाचाच होता. देवाजीने तिला साहेबांच्या पाटीवर बसवलं. हळूहळू एकवीसही जागा अशाच भरल्या, बाविसाव्यावर लालसू. वर्षाअखेरच्या परीक्षेत साहेबांच्या नावावर शंभरपैकी एक्याण्णव गुण पडले आणि त्यांना त्याबद्दल बढती मिळाली. गुण कोणी मिळवले, हे लिहायला फॉर्मात रकाना नाही.

वाचकहो, हे सगळं आपण सावलीत बसून वाचलंत, अधूनमधून हसलात, आणि बुटक्या पहाडीवर पुऱ्या खाणाऱ्या मंडळींत आपण नाही अशी आपली खात्री आहे. असू द्या. त्या मंडळींचीही होती. फक्त एकदा आपला कागद उघडून, आपल्या नावापुढचा अंगठा कोणाचा आहे तेवढं पाहून घ्या.