म्हाळशेट सोनाराने कोतवालीचे कान टोचिले ती हकीकत

श्री. लेकरू राखी तो देव आणि उंबरा राखी तोही देव, उभयतांस दंडवत घालून लिहिले ऐसीजे. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरी, चैत्राचे जत्रेत पोरे पळविणारी टोळी आली आणि चार लेकरे नाहीशी जाहली, त्यांत म्हाळशेट सोनाराची नात गोदी, वय वर्षे पाच. मग सराय चालविणाऱ्या भटियारणीने कोतवाल दारकोजीराव यांस वर्दी दिली की, कोपऱ्याचे कोठडीत पोर रडते आणि बिऱ्हाडकरूस पोराचे नाव पुसता सांगवत नाही. कोतवालांनी हुकुमाची वाट न पाहता लाथेसरशी दार मोडिले आणि चारी लेकरे जिवंत काढिली. म्हाळशेटीने भर चावडीत कोतवालांचे पायी पागोटे ठेविले आणि ढसढसा रडला.

महाराज संतोष पावले आणि संतोषाच्या भरात फर्मान सोडिले की, ज्या घरी लेकरू रडेल तेथे शिपायांनी न पुसता शिरावे. लोकही खूष जाहले. पण लेकरू म्हटले की रडायचेच. न्हाऊ घालता रडते, दात येता रडते, शेजारच्याचा लाडू पाहून रडते. शिपाई चुलीपर्यंत जाऊ लागले, बाळंतिणीचे खोलीत भाले दिसू लागले, आणि मग आयांनी आपला उपाय काढिला की, पोराने तोंड वासताच अफूचा कण चाटवावा. दो महिन्यांत शहर ऐसे निपचित जाहले की कोतवाल मिशीला पीळ देऊन म्हणो लागले, राज्यात सुख नांदते.

श्रावणात गोदीस भाऊ जाहला आणि बाराव्या दिवशी म्हाळशेट स्वहस्ते नातवाचे कान टोचावयास बसला. सूनबाई अफू घेऊन आली, तो म्हातारा गरजला, "माझ्या घरी विष नको. रडू दे!" सुई लागली, पोराने टाहो फोडिला, आणि तीन शिपाई दाराआत आले, शेटीचा हात हलला आणि कानाची पाळी फाटली. शिपायांनी काय पाहिले, तर रक्ताची सुई आणि किंचाळते पोर. मग म्हाताऱ्यास मुसक्या बांधून दरबारी नेले.

कोतवालांनी कैदी ओळखिला आणि मान खाली घातली. तरी म्हणाले, "महाराज, त्या दिवशी सरायीच्या दारी 'येऊ का' ऐसे पुसत बसलो असतो, तर शेटीचीच नात गेली असती."

म्हाळशेट बोलिला, "खरे आहे, रावसाहेब. माझ्या कातड्याचे जोडे करून तुमचे पायी घातले तरी ते उपकार फिटावयाचे नाहीत. पण त्या दिवशी तुम्हास भटियारणीची वर्दी होती. आज कोणाची होती? आमच्या आळीत लेकरे रडावयाची थांबली आहेत, महाराज. उद्या चोर खरेच पोर नेईल, ते अफूने निजलेले असेल, आणि रावसाहेबांस ऐकू काय येईल?"

कोतवालांनी स्वतः पुढे होऊन मुसक्या सोडिल्या. महाराज म्हणाले, "कान सोनारानेच टोचावे म्हणतात, ते टोचिले." आणि फर्मान फिरविले की, कोणी आपले नाव सांगून वर्दी देईल तर दार मोडावे; नुसते रडे ऐकिले तर उंबऱ्याबाहेर राहून "माय, लेकरू बरे आहे ना?" ऐसे पुसावे आणि लेकरू दाखविताच परतावे, न दाखवील तर दोन शेजारणी साक्षीस घेऊन आत जावे. आळ्या पुन्हा रडू लागल्या. आश्विनात एका कोष्टिणीने नाव सांगून वर्दी दिली, आणि कोतवालांनी तळघरातून बांधलेली मुलगी सोडविली.

इकडे नातवाचा एक कान राहिलाच होता. पोरास सख्खा मामा नव्हता, सबब मामाचे मानाने मांडीवर घ्यावयास कोतवालांस बोलाविले. ज्याने सरायीचे दार लाथेने मोडिले, तो उंबऱ्याबाहेर जोडे काढून उभा राहिला आणि म्हणाला, "माय, येऊ का?" गोदी आतून ओरडली, "या ना, मामा!" मग सुई लागली आणि पोराने आळी डोक्यावर घेतली. बाहेरून पहाऱ्याच्या शिपायाने पुसिले, "माय, लेकरू बरे आहे ना?" तेव्हा कोतवालच डोळे पुसत ओरडले, "बरे आहे रे, बरे आहे! रडू दे!"

सारांश, दार मोडणाऱ्याचे उपकार त्या नगरीने मानिले, आणि दारी थांबणाऱ्याचे त्याहून मानिले. दोघे एकच गृहस्थ होते, हे त्या राज्याचे भाग्य.