पंखाची पांढरी कड

एका 'न्हाई'मुळं हनुमंत मांडीपर्यंत चिखलात गेला.

झालं असं की, कासुर्डीच्या ओढ्याकाठी त्याची बायको स्वप्नाली पक्षी बघत होती. वाळक्या गवतात दडलेला एक लांबचोच्या पाणलावा तिच्या पायापासनं भुर्रकन उडाला. "अहो, पंखाच्या मागच्या कडेला पांढरं दिसलं का?" तिनं विचारलं. कड पांढरी असली तर साधा पाणलावा, नसली तर त्याचाच भाऊबंद, टाचणीसारख्या शेपटीचा. बसल्यावर दोघं अगदी सारखे. हनुमंत तेव्हा मोबाईलवर सणसवाडीच्या कंपनीतली शिफ्ट बघत होता. "न्हाई," तो म्हणाला. (बायकोला 'काय म्हणालीस?' विचारण्यापेक्षा 'न्हाई' स्वस्तात पडतं, हा बारा वर्षांचा अनुभव.)

स्वप्नालीनं लगेच टाचणीवाल्याची नोंद पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकली. शिरूरच्या साहेबराव सरांनी लिहिलं, तिथं साधाच असणार, रविवारी येऊन बघतो. स्वप्नालीनं आनंदानं कॅमेरा पुसायला घेतला. हनुमंतला मात्र जेवण जाईना. आपल्यामुळं बायकोचं चारचौघांत हसं व्हायचं.

रविवारी तो तिच्या आधी निघाला. पक्षी उठवायचा, कड बघायची, पांढरी निघाली तर सर यायच्या आत कबूल करायचं. दलदलीत सहा पावलं बरी गेली. सातवं गेलं ते परत आलंच नाही, आणि त्याला काढायला गेलेलं आठवंही तिथंच राहिलं.

तेवढ्यात बांधावर स्वप्नाली आणि सर. लव्हाळ्यात कोण रुतलंय, सरांनी विचारलं. आमचे हे हायत, असं तिनं जरा हळूच सांगितलं.

हनुमंत चिखलातनंच ओरडला. "सपने, त्या दिवशी म्या बघितलंच न्हाई. मोबाईलात व्हतो."

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. तेच त्याला जास्त लागलं. गयावया करत त्यानं दोन्ही हात हलवले, आणि वीतभर अंतरावरनं दोन पाणलावे उठले. एक वाकडातिकडा पळाला, पंखाला पांढरी कड. दुसरा बिनकडेचा, जवळजवळ सरळ. कॅमेरा खटाखट वाजला.

सरांनी फोटो मोठे करकरून दोनदा पाहिले. मग टोपी काढून म्हणाले, "दोन्ही हायत. तुमचंबी खरं, माझंबी."

स्वप्नालीचा चेहरा उजळला. हनुमंतच्याही जिवात जीव आला. "मग आता हात द्या की," तो म्हणाला.

कॅमेरा परत डोळ्याला लावत ती म्हणाली, "हलू नका. अजून एखादा बसला असंल."

सरांनी बसायला बांधावर रुमाल अंथरला.