दक्षिण वेस शहरात येते

शिरवेल या राजधानीची दक्षिण वेस चैत्रात निवृत्त झाली आणि निरोपाच्या समारंभात तिने शहर आतून पाहायची इच्छा सांगितली.

शिरवेलमध्ये इमारतींनी निवृत्त होणं नवं नाही. मुळात हे शहर वसलं तेच राजाचे हत्ती इथे दमून खाली बसले आणि काही केल्या उठेनात म्हणून. दमलेल्याला बसू द्यावं, हा इथला पहिला कायदा. जुनं धान्यकोठार असंच समुद्राकाठी राहायला गेलं. घड्याळाचा मनोरा आता फक्त सणावारी वेळ दाखवतो. पण त्यांची हयात शहरात गेली होती. वेशीचं तोंड मात्र जन्मापासून माळाकडे. शहराचा तिला पाठीमागून आवाज तेवढा यायचा.

वेस जागा सोडून बाहेर उतरली, तिच्या जागी नवी वेस रुजू झाली आणि मग अडचण नगरसभेच्या ध्यानात आली. शहरात येणाऱ्याने वेशीतूनच यावं, असा नियम. नवी वेस अंगाने बारीक, उत्तरेची ठेंगणी. म्हातारी कशातूनच मावेना. तट ओलांडून येणाऱ्याला चोर समजलं जातं. शेवटी शालश्रीफळ देऊन तिला माळावरच ठेवावं असं ठरलं.

ही बातमी सगुणा कासारणीला कळली आणि तिच्या हातातला बांगड्यांचा जोड तसाच राहिला.

ऐन तारुण्यात ती दिवस भरलेल्या पोटाने या शहरात आली होती. नवरा मागच्याच गावी तापाने गेलेला. दिवस मावळला होता, वेस बंद झाली होती आणि पहारेकरी सकाळी या म्हणत होते. तेव्हा वेशीने कुणाला न विचारता दार उघडलं. सगुणाची मुलगी कमानीखालीच जन्मली. तिचं नाव तोरणा. त्या उघडण्याबद्दल वेशीचं वर्षभराचं तेलपाणी बंद झालं होतं, हे सगुणाला फार उशिरा समजलं.

ती नगराध्यक्ष भानोजी शेलटकरांकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचा जीव तुटतोय ते दिसतंय," ते म्हणाले. "पण एवढी मोठी वेस मी आणू कुठून?"

घरी येऊन सगुणाने चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी फुगली, तशी ती तव्यावरून उतरवून तिने तोरणाला घागर घ्यायला सांगितलं.

तटाचा एक भाग डागडुजीसाठी पाडलेला होता. मायलेकी तिथे, माळावरच्या वेशीसमोर, उभ्या राहिल्या. सगुणाने भाकरतुकडा वेशीवरून ओवाळून लांब टाकला. तोरणाने तिच्या पायथ्यावर पाणी घातलं.

"या अक्का," सगुणा म्हणाली, "आत या."

भानोजी धावत आले. सोबतच्या पंडितांना त्यांनी बाजूला घेऊन विचारलं. पंडित म्हणाले, भाकरतुकडा ओवाळतात तिथे उंबरा असतो आणि उंबरा असेल तिथे दार धरावंच लागतं. भानोजींनी मान हलवली.

"ओवाळून झालंय. आता मागे फिरवणं बरं नाही."

वेस आत आली. कुणाच्या वळचणीला धक्का लागू नये म्हणून ती अंग चोरून चालली. राणीचा पुतळा जेवायला घरी निघाला होता. त्याने वाट दिली. बुधवार असल्याने पाण्याचा हौद उन्हात वाळत बसला होता. वेशीने सगळं पाहिलं आणि ती हे कुणाचं, ते कुणाचं, असं विचारत राहिली.

कासारआळीत सगुणाच्या अंगणापुढे ती टेकली. सगुणाने तिच्यापुढे पान वाढलं. वेशी जेवत नाहीत, पण तिने पान उचलू दिलं नाही.

"पोरी," ती म्हणाली, "एवढी माणसं माझ्यातून गेली. ती कुठे जातात ते आज कळलं."

तोवर आळीत गर्दी जमली होती. भानोजींनी पागोटं काढून काखेत धरलं आणि ते वेशीखालून पलीकडे गेले. मग पंडित गेले, मग शेजारीपाजारी, म्हातारे, लेकुरवाळ्या. पलीकडे सगुणाची चूल आणि भिंत, पुढे रस्ता नव्हता. लोक तिथून वळायचे आणि पुन्हा रांगेत येऊन उभे राहायचे.